माझ्या नावाची चिमूट

माघातला तिसरा रविवार, सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटं. जागा: मुलुंड पश्चिम, आमच्या मंडळाच्या खोलीखालची गल्ली. हजर: पावसकर काकू, पेटीवाल्या मीनाताई, सुधा, सुधाची जाऊ, सावंत बहिणी दोघी, गीता, नलू आणि मी. एकूण नऊ. गैरहजर कोणी नाही. उशिरा आलेली एक, नलू, सात मिनिटं. कारण तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

गेली अकरा वर्षं मी या महिला भजनी मंडळाची चिटणीस आहे. अकरा वर्षांत आमची एकही सहल रखडलेली नाही, की कोणाला विसरून गाडी पुढे गेलेली नाही. देव आहे असं मी लहानपणापासून मानत आले. आमच्या आजोळी, मालवणकडच्या गावी, पेरणीपासून लग्नापर्यंत सगळं देवीला विचारून होतं. मी मुंबईत वाढले. देवीला नमस्कार केला, ओट्या भरल्या, तिची गाणी म्हटली. पण तिच्यावर एखादं काम सोपवून मोकळं व्हायची वेळ मी कधी येऊ दिली नाही. माझी कामं मीच करते. यादी करते, एकेक खोडते आणि निवांत झोपते.

ती झोप गेल्या दिवाळीनंतर उडाली. डाव्या कानात शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, मग त्या कानाने ऐकू येणं कमी झालं. डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितलं. कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ आहे का, हे त्याशिवाय कळणार नाही आणि असेल तर वेळ घालवून चालणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी वेळ घेतली, फाइल लावली, वीस मिनिटं आधी पोचले. डोक्यावर पिंजऱ्यासारखी जाळी बसवून मला त्या नळीत सरकवलं आणि मिनिटभरही झालं नसेल, हातात दिलेला रबरी फुगा मी दाबत सुटले. हवा संपली असंच वाटलं. बाहेर काढलं तेव्हा अंगावरचा झगा घामाने भिजला होता. दुसऱ्या वेळी नवऱ्याला सोबत नेलं. त्या वेळी तर नळीत खांद्यापर्यंत गेले आणि ओरडले. खोलीबाहेर बसलेल्या लोकांनी ते ऐकलं.

भूल देऊनही तपासणी करता येते, असं डॉक्टर म्हणाले. पण शेजारणीकडे घराची चावी ठेवली तरी जिला चैन पडत नाही, ती स्वतःची शुद्ध दुसऱ्याच्या हातात कशी देणार? मी "कळवते" म्हणून उठले आणि दोन महिने कळवलं नाही. कानातली शिट्टी चालूच होती. नवरा रोज एकदा विचारायचा, मग त्याने विचारणं सोडलं. मंडळात मी कोणालाच सांगितलं नव्हतं. जी बाई आठ जणींना ओळीत चालवते, तिला एका नळीत वीस मिनिटं पडवत नाही, हे सांगायची मला लाज वाटत होती.

सहल त्याआधीच ठरली होती. मुलुंडच्या मागच्या डोंगरात एक गुहा आहे. कान्हेरीसारखी कोरलेली, पायऱ्या-कठड्यांची नव्हे. डोंगराच्या पोटात आपोआप पडलेली भेग, आणि त्या भेगेच्या शेवटी शेंदूर लावलेली एक शिळा. घळीतली आई म्हणतात तिला. तिथे दिवा नाही, पाटी नाही, रस्ता नाही. परवानगी काढावी लागते आणि पायथ्याच्या पाड्यावरच्या बाईने नेलं तरच आत जाता येतं. आत जायला काही अंतर पोटावर सरपटावं लागतं, हे मला माहीत होतं. म्हणून माझी योजनाही तयार होती: सगळ्यांना आत पाठवायचं आणि मी बाहेर पिशव्यांपाशी बसायचं. पिशव्या सांभाळायला कोणीतरी लागतंच. चिटणिसाने बाहेर बसण्यात कोणाला काही वावगं दिसलं नसतं.

वाट दाखवायला जमनाबाई आल्या. साठीच्या, काटक, काष्टा घातलेल्या, हातात कोयता आणि पाठीवर पिशवीत आमच्यासाठी हेल्मेटं. त्यांच्या सासूच्या सासूपासून त्यांच्याच घरातल्या बायका लोकांना आईपाशी नेत आल्या आहेत. निघायच्या आधी त्यांनी नियम सांगितले. उदबत्ती नाही, कापूर नाही, नारळ फोडायचा नाही. आत वटवाघळं आहेत, धुराने त्यांचा जीव जातो. ओटी बाहेरच दाखवायची. मी ते सगळं लिहून घेतलं. जमनाबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "बाय, परीक्षा हाय काय?"

"तिची रोजच असते," नलू म्हणाली. नलू माझी शाळेपासूनची मैत्रीण, मंडळातला पहिला आवाज तिचा. "ए सेक्रेटरी, तुझ्या यादीत बिबट्या लिहिलायस का गं?"

"लिहिलाय. उशिरा येणाऱ्यांना आधी खातो."

चढ तासाभराचा होता. पळस नुकता फुलायला लागला होता, खाली इमारतींच्या गच्च्या आणि त्यांच्यापलीकडे खाडी धुरकट दिसत होती. पावसकर काकू एक्काहत्तर वर्षांच्या. मी त्यांच्या मागे राहून हात द्यायला बघत होते आणि त्या माझा हात झटकत होत्या. "माका काय होवचा नाय गो. तू तुझा बघ." त्याच आठवड्यात काकू मुलाकडे बंगळुरूला कायमच्या जाणार होत्या. ही सहल खरं म्हणजे त्यांच्यासाठीच होती. आईचं दर्शन घेऊनच मुंबई सोडीन, असं त्यांनी चाळीतून इमारतीत राहायला आल्यापासून म्हटलं होतं, आणि दर वर्षी काहीतरी आडवं आलं होतं.

गुहेचं तोंड करवंदीच्या जाळीमागे होतं. उंची माझ्या छातीएवढी. आतून गार, ओला, थोडा उग्र वास येत होता. मी लगेच पिशव्या एका झाडाखाली ओळीने लावायला लागले, प्रथमोपचाराची पेटी वर काढली, पाण्याच्या बाटल्या मोजल्या. तेवढ्यात जमनाबाईंनी माझ्या हातातली नावांची यादी मागितली. मी न बघताच दिली.

त्यांनी तोंडाशी एक सागाचं पान पसरलं. यादीतलं एकेक नाव मोठ्याने वाचायचं आणि प्रत्येक नावाला तांदळाची एक चिमूट पानावर ठेवायची, अशी त्यांची रीत. शेवटी आत तोंड करून त्या म्हणाल्या, "आई, नऊ लेकी आल्यात. नऊ आत येतील, नऊ बाहेर जातील. सांभाळ." मग आमच्याकडे वळल्या. "चला. टोप्या घाला."

मी आठ हेल्मेटं वाटली. नववं त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"मी बाहेर थांबणार आहे," मी म्हटलं. "सामानापाशी."

जमनाबाईंनी पानाकडे बोट दाखवलं. पहिलीच चिमूट माझ्या नावाची होती. मी कुठलीही यादी करते तेव्हा सगळ्यात वर स्वतःचं नाव लिहिते. किराण्याच्या वर्गणीपासून रक्तदानापर्यंत, अकरा वर्षांची सवय. त्या दिवशीही हात आपोआप तसाच चालला होता आणि आत जायचं नाही, हे ठरवलेल्या बाईने स्वतःचं नाव पहिलं लिहून दिलं होतं.

"एक चिमूट काढून टाका ना," मी म्हटलं.

"तिला सांगितलं नऊ. आता आठ कशी नेऊ? सांगायच्या आधी बोलायचं. सांगितलं की सांगितलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. पाऊस पडला की वाट निसरडी होते, हे सांगावं तसं त्या सांगत होत्या. "नऊ नसतील तर कोणीच नाय. परत जाऊ, दुसऱ्या रविवारी येऊ."

दुसरा रविवार काकूंकडे नव्हता. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधत होत्या, तो त्यांनी सोडायला घेतला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. नलूने विचारलं, "काय झालं गं? सामान काय माकडं पळवणारेत? नेऊ देत ना."

मी जमनाबाईंना बाजूला घेतलं आणि जे दोन महिने नवऱ्याशिवाय कोणाशी बोलले नव्हते, ते त्या अनोळखी बाईला दोन मिनिटांत सांगून टाकलं. कान, मशीन, फुगा, ओरडणं, सगळं. मला वाटलं, त्या धीर देतील किंवा हसतील. त्यांनी विचारलं, "हवा संपते असं वाटतं, का दगड अंगावर येतो असं वाटतं?"

"हवा."

"मग बरं. दगडाचं वाटतं त्यांना कठीण जातं." त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "तुला लिहून लागतं ना? तोंडीच ऐक. आधी म्हशीच्या पाठीसारखा दगड, तो डाव्या हाताला ठेव. मग जमीन ओली लागेल, तो झिरपा हाय, घाबरू नको. मग वरचा दगड खाली येतो, तिथं पोटावर. मग उजव्या कोपराला खळगा मिळेल, त्यात कोपर रोवलं की अर्धं झालं. मग वळण. वळणानंतर बसता येतं. आणि डोळे इथं बाहेरच मिट. काळोख तुझा तू घेऊन जा, म्हणजे आतल्याचं काय वाटणार नाय."

या बाईने मला यादी दिली होती. नवऱ्याने आणि डॉक्टरांनी दिलेला धीर मला उपयोगी पडला नव्हता. ही पाच कलमं मी मनात धरली आणि "हो" म्हटलं.

जमनाबाईंनी आधी आठ जणींना एकेक करून आत पोचवलं. काकू पालीसारख्या सरकन गेल्या. नलूचे पाय बाहेर आणि तोंड आत असताना तिची बडबड चालूच होती. मग जमनाबाई माझ्यासाठी परत आल्या. त्या अर्ध्या तासात मी एकटी तिथे उभी होते. खाली मुलुंडचा आवाज एखाद्या लांबच्या गिरणीसारखा येत होता. उजव्या कानाने तो, डाव्या कानात शिट्टी. पळून जायला उतार मोकळा होता. पानावरच्या त्या पहिल्या चिमटीकडे मी सारखी बघत होते. कोणीतरी माझं नाव घेऊन, मला न विचारता, आत कळवून टाकलं होतं, आणि ते नाव मीच लिहून दिलं होतं.

"तू पुढे, मी मागे," जमनाबाई म्हणाल्या. "तुझी टाच माझ्या हातात हाय." मी डोळे मिटले आणि गुडघ्यांवर आले.

म्हशीची पाठ मिळाली. झिरपा मिळाला, तळवे गारठले. वरचा दगड हेल्मेटला लागला तेव्हा मी पोटावर झाले. मग उजवं कोपर खळगा शोधू लागलं. खळगा नव्हता. मी पुढे सरकू लागले आणि सरकेना. कमरेला काहीतरी घट्ट धरून बसलं होतं. मागेही जाता येईना. चौथं कलम सापडत नव्हतं आणि त्याच्यापुढची यादी माझ्या डोक्यातून पुसली गेली. छाती दगडावर, पाठ दगडाला. श्वास अर्धाच आत येत होता. दाबायला फुगा नव्हता. मी ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजही आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचं काम काय, ते माहीत नव्हतं. मी देवीला काही मागितलं नाही, नवस बोलले नाही. फक्त गाल खालच्या दगडावर टेकवला आणि मनात म्हटलं, मला जमत नाही.

आणि तोंडावर वारा आला.

सोसाट्याचा नाही. झोपलेलं मूल जवळ घेतलं की त्याचा श्वास गालावर लागतो, तेवढाच. गार, मातीच्या वासाचा, समोरून, जिथे मला बंद भिंत आहे असं वाटत होतं तिथून. तो माझ्या ओठांवर आला, बंद पापण्यांवर आला. थांबला, पुन्हा आला. मी तो आत घेतला. मग दुसरा घेतला. किती वेळ गेला, ते मला सांगता येणार नाही, आणि मी वेळ सांगू न शकल्याचा हा एकच प्रसंग आहे.

मागून जमनाबाईंचा आवाज आला, शांतपणे. "कमरेला काय बांधलंस गं बाय?"

"पाउच."

"काय हाय त्यात?"

त्या अवस्थेतही मी सांगितलं. "शिट्टी, पेन, याद्या, सेफ्टी पिना, मीठ-साखरेची पुडी, बॅटरीचे जादा सेल."

"बरं. सोड ते."

मी हात पोटाखाली घातला, चाप दाबला. पाउच गळून पडलं आणि मी वीतभर पुढे गेले. तिथे, अगदी तिथेच, उजव्या कोपराला खळगा मिळाला.

वळणानंतर मी बसले आणि डोळे उघडले. आठ बॅटऱ्या माझ्या तोंडावर. नलू ओरडली, "आली गं आमची सेक्रेटरी! शेवटचा नंबर पहिल्यांदाच लागला!" आणि माझा चेहरा बघून तिने सरकून मला जागा दिली. जागा आमच्या मंडळाच्या खोलीएवढी होती. समोर आई. नाक नाही, डोळे नाहीत, हात नाहीत; गुडघ्याएवढी शिळा, शेंदूर, आणि वरून थेंब थेंब पडणारं पाणी. पावसकर काकू तिच्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जमनाबाईंनी बॅटऱ्या विझवायला सांगितल्या. पेटी नाही, टाळ नाही, नलूने अगदी हळू सूर लावला आणि आम्ही आठ जणींनी तो उचलला. माझ्या डाव्या कानाला तो ऐकू आला नाही, पण पाठ टेकली होती त्या दगडातून तो आला. मी तशीच आडवी झाले. वर दगड, चारी बाजूंनी दगड, पूर्ण काळोख, आणि मी उताणी पडून गात होते.

परत येताना मी सगळ्यात पुढे होते. जमनाबाईंनी माझी टाच धरायची गरज लागली नाही. वाटेत पाउच हाताला लागलं, ते ढकलत ढकलत बाहेर आणलं. उन्हात उभी राहिले तेव्हा कोपरं सोलवटली होती, ड्रेसची वाट लागली होती आणि मला इतका अभिमान वाटत होता, की दहावीच्या निकालालाही वाटला नव्हता. मी नवऱ्याला तिथूनच फोन केला आणि म्हटलं, "गुरुवारची वेळ घे." त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

उतरताना मी जमनाबाईंना त्या वाऱ्याबद्दल विचारलं. वर कुठेतरी फट आहे, त्या म्हणाल्या, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. "मग नेहमीच येतो का वारा?" त्यांनी कोयत्याने एक काटेरी फांदी बाजूला केली. "कधी येतो. कधी आठ-आठ दिवस येत नाय. तिची मर्जी." मी याहून जास्त विचारलं नाही. फटीतून आला असेल. माझ्यापर्यंत तो त्याच घटकेला आला, एवढंच मला ठाऊक आहे.

गुरुवारी घाटकोपरच्या त्याच तपासणी केंद्रात गेले. तिथल्या मुलीने विचारलं, "याआधी झालंय का?" मी म्हटलं, "दोनदा. दोन्ही वेळा अर्धवट." मी खोलीच्या दारातच डोळे मिटले आणि तिचा हात धरून आत गेले. नळीत सरकले, जाळी बसली, मशीनचे ठोके सुरू झाले. आणि चेहऱ्यावर वारा आला. मी दचकले. नंतर त्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "पंखा असतो मॅडम आत. नेहमीच चालू असतो." म्हणजे आधीच्या दोन्ही वेळीसुद्धा तो माझ्या तोंडावर येत होता. मी फुगा दाबण्यात गुंतले होते, मला तो कळलाच नव्हता.

गाठ आहे. लहान आहे, जिवावरची नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं, वाढली तर पुढचं बघायचं. डाव्या कानाचं ऐकणं गेलं तेवढं बहुधा गेलंच. हे सगळं मी मंडळात सांगितलं. नलू आधी माझ्यावर भडकली, "दोन महिने? मला नाय सांगितलंस? मी काय मेले होते काय?" आणि मग माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली. ती आता त्याच बाजूला बसते. याद्या मी अजून करते, आणि चांगल्या करते. पण यादी संपते तिथेही कोणीतरी असतं, हे मला आता माहीत आहे, आणि ते कळायला माझं काही कर्तृत्व लागलं नाही. लागलं ते इतकंच, की एकदा मला "जमत नाही" म्हणता आलं. त्याचाही मला अभिमान आहे. आईपुढे तो चालत असावा.

अहवाल आणायला गेले त्या दिवशी बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. निवृत्त बसचालक, विक्रोळीचे, अंगावर तपासणीचा निळा झगा; तेही अर्धवटच बाहेर आले होते. बायको त्यांना हळू आवाजात झापत होती. "तीस वर्षं एवढी मोठी गाडी हाकलीत, आणि त्या डब्यात पंधरा मिनिटं पडवत नाही तुम्हाला?" ते म्हणाले, "गाडीला खिडक्या होत्या गं." मी अहवालाचं पाकीट मांडीवर ठेवून त्यांच्या शेजारी बसले. हवा संपते असं वाटतं, की वरचं अंगावर येतं असं, एवढंच विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अंगावर येतं." म्हणजे कठीण जाणाऱ्यांपैकी. मग आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी त्यांनी विचारलं, मंगळवारी तुम्ही याल का दारापर्यंत? मी हो म्हटलं आहे. नऊ वीसची वेळ आहे. वरच्या दगडाची भीती वाटणाऱ्याला काय सांगायचं, ते मला अजून माहीत नाही. त्याआधी एकदा पायथ्याच्या पाड्यावर जाऊन जमनाबाईंना विचारून यायचं आहे. ते राहिलं आहे.